‘ठराव काय लिहू?’ : शालेय वक्तृत्वातले ‘आपण’ आणि ‘आम्ही’

तालुक्याच्या गावी शाळेच्या फाटकासमोर माझी टंकलेखन संस्था आहे. १९९४ मध्ये चार रेमिंग्टन यंत्रांवर ती सुरू केली. आता यंत्रांची जागा संगणकांनी आणि झेरॉक्सने घेतली आहे. जुलै संपत आला की दुकानात एक वेगळे गिऱ्हाईक येऊ लागते. आईचे बोट धरलेले मूल आणि आईच्या हातात रेघी कागदांची घडी. ‘ताई, भाषण टाइप करून द्या, जरा मोठ्या अक्षरात.’ एक ऑगस्टची टिळक पुण्यतिथी, मग पंधरा ऑगस्ट, गणेशोत्सवातल्या स्पर्धा, जानेवारीत सावित्रीबाई आणि जिजाऊ, फेब्रुवारीत शिवजयंती, एप्रिलमध्ये आंबेडकर जयंती. वर्षाचे पंचांग मला या भाषणांवरून कळते.

कार्बन प्रत ठेवायची सवय यंत्रांच्या काळापासूनची. पुढे संगणक आला तरी एक छापील प्रत, मुलाचे नाव खोडून, मी ठेवत गेले. आज अशा भाषणांच्या दोन पत्र्याच्या ट्रंका घरात आहेत. माझे शिक्षण बारावी आणि टंकलेखनाच्या दोन परीक्षा एवढेच. बाकी जे काही शिकले ते नगर वाचनालयाच्या संदर्भ विभागात आणि या ट्रंकांपाशी बसून. स्पर्धांच्या पत्रकांत बहुधा एक वाक्य असतेच, की उद्याचे जागरूक नागरिक घडावेत हा स्पर्धेचा हेतू आहे. ते वाक्यही मीच टाइप करते. ट्रंकेतली भाषणे ओळीने वाचून पाहिली तेव्हा त्या वाक्याबद्दल मला शंका येऊ लागली. ती शंका या लेखात मांडते आहे.

शालेय स्पर्धेचे भाषण हा मराठीतला एक पक्का रुळलेला गद्यप्रकार आहे, आणि आपल्या समीक्षेने त्याच्याकडे कधी पाहिलेले नाही. लावणीवर, पोवाड्यावर, कीर्तनावर ग्रंथ आहेत. लाखो मराठी मुलांनी तोंडपाठ केलेल्या या प्रकारावर मला काही सापडले नाही. त्याची घडण सांगते. आधी संबोधन : व्यासपीठ, परीक्षक, गुरुजनवर्ग आणि बालमित्र, याच क्रमाने. मग कवितेच्या दोन ओळी. मग विषयाची थोरवी. मध्यावर आवाज चढतो आणि प्रश्न येतो : ‘याला जबाबदार कोण?’ क्षणभर थांबायचे असते. हस्तलिखितात तिथे शिक्षकांनी कंसात ‘थांब’ असे लिहिलेले असते, आणि एकदा ते मी भाषणातच टाइप केले होते. मग उत्तर : ‘आपण! आपण सारेच!’ पुन्हा दोन ओळी, आणि ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते’.

विषय पाण्याचा असो, व्यसनाचा असो, झाडांचा असो की मतदानाचा, जबाबदार ‘आपण सारेच’. ट्रंकेतल्या भाषणांत याला अपवाद शोधताना मी थकले. मराठीने आपल्याला दोन बहुवचने दिली आहेत. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा त्यात नसतो, तो समोर उभा असतो. ‘आपण’ म्हटले की ऐकणाऱ्यालाही पोटात घेतले जाते. शिवाय आदराने समोरच्याला म्हणायचे तेही ‘आपण’च. म्हणजे या एका शब्दात बोलणारा, ऐकणारा, गाव, सरकार सगळे विरघळू शकते. नदी कोणी घाण केली? आपण. कोणी साफ करायची? आपण. कारखान्याचे पाणी नदीत सोडणारा, त्याला परवाना देणारा आणि त्याच नदीत कपडे धुणारी बाई हे तिघेही एकाच सर्वनामात शिरतात आणि टाळ्या पडतात.

कोणी म्हणेल की हा कीर्तनाचा वारसा आहे. आरंभीची ओळ, मग निरूपण, मग गोष्ट, आणि माना डोलावणारा श्रोता. साम्य आहे खरे. पण कीर्तनातही गाडगेबाबा झाले. आधी गाव झाडायचे आणि रात्री लोकांना नुसते ऐकू द्यायचे नाही, प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घ्यायचे, ही त्यांची रीत होती. त्यांचा श्रोता ‘तुम्ही’ होता. त्याला बसल्या जागी जाब द्यावा लागे. शाळेने कीर्तनाचा साचा घेतला आणि गाडगेबाबांचा प्रश्न वगळला.

एका विषयावर थोडे थांबते, कारण तिथे हे वगळणे फार महागात पडले आहे. महाडच्या चवदार तळ्यावरची भाषणे माझ्याकडे पुष्कळ आहेत. त्यांत ओंजळ असते, तळे असते, समतेचा संदेश असतो. ज्या कागदांमुळे ते घडले ते मात्र एकाही भाषणात नाहीत. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ मध्ये मंजूर झाला. त्याला धरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले असल्याचा ठराव केला. तो कागदावर राहिला. मार्च १९२७ मध्ये परिषद भरली, तिथेही ठराव झाले, आणि मग माणसे चालत तळ्यावर गेली. पुढे त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव फिरवला, प्रकरण न्यायालयात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने लागला. भाषण, ठराव, तो अमलात आणायला टाकलेले पाऊल आणि त्यानंतर दहा वर्षांचा दावा. नागरिक कसा बोलतो याचा याहून चांगला धडा मराठी मुलखात मला माहीत नाही. आपण मुलांना त्यातली ओंजळ देतो आणि ठराव काढून घेतो.

हे पूर्वीपासून असेच होते का, म्हणून मी मागे जाऊन पाहिले. मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांची ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ १८४८ मध्ये निघाली. निबंध वाचायचे, त्यावर चर्चा करायची, असे तिचे काम. तिच्या मराठी आणि गुजराती शाखा, म्हणजे ज्ञानप्रसारक सभा, देशी भाषांतून व्याख्याने करवीत. स्त्रीशिक्षणावर तिथे निबंध वाचला गेला, आणि १८४९ मध्ये सभासदांनी मुलींच्या शाळाच काढल्या. सुरुवातीला हे तरुण सकाळी स्वतः जाऊन विनावेतन शिकवीत. दादाभाई नौरोजी त्यांच्यातलेच. जे बोललो ते उद्या सकाळी करावे लागेल, ही धास्ती त्या बोलण्यामागे होती.

त्यानंतरचे उदाहरण बोलण्याचे नाही, लिहिण्याचे आहे, तरी ते मला टाळता येत नाही. १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘ज्ञानोदय’ने दोन भागांत एक निबंध छापला. लिहिणारी मुक्ता साळवे, पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणारी, चौदाच्या आसपास वयाची मांग समाजातली मुलगी. वेद ब्राह्मणांचेच असतील आणि आम्हाला ते पाहण्याचाही अधिकार नसेल, तर आमचा धर्म कोणता, असा तिचा सवाल आहे. पायात घालून पुरलेल्या माणसांची, उघड्यावर बाळंत होणाऱ्या बायकांची गोष्ट ती सांगते, आणि मग आपल्याच लोकांकडे वळून शिका म्हणते. शैली चांगली आहे म्हणून मी तो निबंध मुलांना देत नाही. त्यातली सर्वनामे पाहायला देते. ‘आम्ही’ कोण आणि समोर कोण, यात तिचा एकदाही गोंधळ होत नाही. आजच्या स्पर्धेत तिला बहुधा सूचना मिळाली असती, की बाळ, शेवट जरा सकारात्मक कर.

‘आम्ही’ म्हणायचा अधिकार कुठून येतो, हा पुढचा प्रश्न. १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा निघाली तेव्हा तिने याचे एक रोखठोक उत्तर शोधले होते. सभासद व्हायचे तर निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणायचे. पन्नास जणांनी सांगावे की हा आमच्या वतीने बोलेल. सुरुवातीच्या पंच्याण्णव सभासदांमागे अशी सहा हजारांवर माणसे होती. सभेची मंडळी बहुतांशी वरच्या जातींची आणि पैशाअडक्याने बरी होती. मुक्ताच्या वाड्यातले कोणी त्यांत असेल असे मला वाटत नाही. तरी पद्धत म्हणून ती विलक्षण होती. १८७६-७७ च्या दुष्काळात याच सभेने माणसे पाठवून गावोगावची माहिती गोळा केली आणि सरकारला लिहून कळवली.

आणि १८७५ मध्ये, त्याच शहरात, रानड्यांच्याच पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती चालवणाऱ्या संस्थेचे नावच वक्तृत्वोत्तेजक सभा. व्याख्यानमालांनी महाराष्ट्राला बहुश्रुत केले, माझ्यासारखीला तर त्यांनी कॉलेजच दिले. त्यांच्याबद्दल वाकडे बोलणार नाही. पण माझा तर्क असा की इथे कुठेतरी दोन वाटा फुटल्या. मुखत्यारपत्र घेऊन बोलणे एका बाजूला गेले, ऐकण्यासारखे बोलणे दुसऱ्या बाजूला. शाळांनी उचलली ती दुसरी वाट. मी परीक्षक म्हणून बसले आहे त्या स्पर्धांच्या गुणपत्रिकेत विषयाची मांडणी, उच्चार, आवाज, हावभाव आणि वेळेचे भान हे रकाने असतात. समोरच्याने उलट काही विचारले तर काय, याला रकाना नाही, कारण उलट कोणी विचारतच नाही. वादविवाद स्पर्धेत निदान समोर कोणी असते, पण तिथे बाजू चिठ्ठी टाकून मिळते.

आता माझे स्वतःचे सांगायला हवे, नाहीतर हे सगळे ट्रंकेवर बसून केलेले शहाणपण होईल.

शाळेत असताना मी जिल्ह्यापर्यंत ढाली आणल्या आहेत. वडील त्या बैठकीत ओळीने लावत. लग्न होऊन सासरच्या गावी आले, दुकान चालू लागले, आणि पंधराएक वर्षांपूर्वी ग्रामसभेत पाण्याचा विषय निघाला. गावाची नळयोजना वाडीपर्यंत पोचलीच नव्हती. ‘तू चांगली बोलतेस, तू बोल,’ म्हणून बायकांनी मला पुढे केले. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी अशी कायद्यात तरतूद आहे. ती सभा आमच्या गावात त्या वर्षी पहिल्यांदा खरोखर झाली होती. दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत मी उभी राहिले. तोंडातून निघाले, ‘सन्माननीय व्यासपीठ’. व्यासपीठ नव्हतेच, शाळेच्या व्हरांड्यात टेबल होते. कोणीतरी हसले. मी थांबले नाही. पाण्याचे महत्त्व, बाईच्या डोक्यावरचा हंडा, येणाऱ्या पिढ्या, आपण सारे. दहा मिनिटे अगदी न अडखळता बोलले. टाळ्याही पडल्या.

ग्रामसेवक भला माणूस होता. पेन उघडून वही पुढ्यात घेऊन बसला होता. टाळ्या संपल्यावर त्याने विचारले, ‘ताई, ठराव काय लिहू?’

मला काही सुचेना. महत्त्व लिहा? जाणीव लिहा? तेवढ्यात वाडीतल्या एक काकू, ज्यांनी जन्मात कधी स्टेज पाहिले नव्हते, बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, ‘दोन नळ. येक आमच्या देवळापाशी, येक खालच्या आळीला. पावसाळ्याच्या आत. ल्ह्या.’ मागून एक बाई म्हणाली, ‘माझं बी नाव घाला त्यात.’ सरपंच म्हणाले, पैसा कुठून आणायचा? काकू म्हणाल्या, ‘कमानीला आणला तिथनंच.’ हशा झाला, पण मघासारखा नाही.

सूचक, अनुमोदक, मागणी, मुदत आणि हरकतीला उत्तर. वीस-बावीस शब्दांत सगळे आले. काकूंना हे कोणी शिकवले नव्हते. मला पाच वर्षे वक्तृत्व शिकवले होते, त्यात हे नव्हते.

तेव्हापासून मला दर वर्षी एक गोष्ट टोचते. बऱ्याच गावांत पंधरा ऑगस्टला सकाळी शाळेच्या पटांगणात मुलांची भाषणे होतात. गोळ्या-बिस्किटे वाटून मुलांना घरी पाठवले जाते. मग त्याच शाळेत, कधीकधी त्याच सतरंजीवर, ग्रामसभा भरते. लोकशाही या विषयावर पहिला नंबर काढलेली मुलगी लोकशाही सुरू व्हायच्या आत घरी पोचलेली असते. मतदारयादीत नाव नसेल तर ग्रामसभेचे सदस्यत्व नाही हे मान्य. पण भिंतीला टेकून पाहत बसायला कोणाची हरकत आहे?

एका शाळेतल्या बाईंच्या मदतीने मी चार शनिवार एक प्रयोग केला. स्पर्धा नाही, ढाल नाही. मुलांना चारच प्रश्न दिले. कोणाला म्हणायचे आहे? काय हवे आहे? कधीपर्यंत? तो माणूस ‘नाही’ म्हणाला तर काय कारण देईल? आणि एक अट घातली, की ‘आपण’ हा शब्द वापरायचा नाही. पहिल्या शनिवारी त्या एका अटीने मुले मुकी झाली. ज्यांना भाषणे पाठ होती ती तर सर्वांत आधी. तिसऱ्या शनिवारी मुख्याध्यापक ऐकायला आले. आठवीतली एक मुलगी, शेवटच्या बाकावरची, उभी राहिली. खाली पाहत, हलक्या आवाजात ती म्हणाली, ‘सर, मुलींच्या संडासाची किल्ली तुमच्या टेबलाच्या खणात असते. आम्हाला दर वेळी मागायला यावं लागतं. म्हणून आम्ही शाळेत पाणी पीत नाही.’

स्पर्धेच्या गुणपत्रिकेवर तिला आवाजाला शून्य आणि हावभावाला शून्य मिळाले असते. वर्ग इतका गप्प झाला की बाहेरच्या हापशाचा आवाज ऐकू येत होता.

मुख्याध्यापकांनी टाळले नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. शाळा सुटल्यावर बाहेरची पोरे येऊन नळ मोडतात, म्हणून कुलूप, असे ते म्हणाले. कारण खरे होते. मुलीकडे त्याचे उत्तर तयार नव्हते. दुसरीने दिले : शाळा भरल्यावर कुलूप काढायचे आणि सुटताना लावायचे, वर्गातल्या दोन मुली आठवडाभर ते पाहतील, किल्ली वर्गातल्या खिळ्याला. मुख्याध्यापक म्हणाले, लिहून द्या. मुलींनी लिहून दिले, सगळ्यांनी सह्या केल्या. सार्वजनिक सभेच्या मुखत्यारपत्राची गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती.

किल्ली खिळ्याला आली. पुढच्या वर्षी मला त्या शाळेतून बोलावणे आले नाही. मध्ये एकदा त्यांचे एक शिक्षक दुकानात भेटले. मुलांना दर वर्षी जिल्ह्यापर्यंत नेणारे, मेहनती गृहस्थ. म्हणाले, ‘ताई, तुम्ही मुलांना उद्धट करताय.’ मी लगेच उत्तर दिले नाही, कारण त्यांच्या बोलण्यात मला न आवडणारे तथ्य होते. शनिवार संपवून मी घरी आले होते. सोमवारी शाळेत जायचे होते ते त्या मुलीला, आणि परीक्षेचे गुणही त्याच शिक्षकांच्या हातात. काकूंच्या मागे वाडी होती. या मुलीच्या मागे सह्या केलेल्या मुली होत्या, पण त्याही आठवीतल्याच. खरे बोलायला शिकवणाऱ्याने, बोलणाऱ्याचे नंतर काय होणार याची तजवीज आधी करायला हवी. मी ती केली नव्हती. त्यानंतर दुसऱ्या एका शाळेत असे वर्ग घेतले तेव्हा एकट्या मुलाने बोलायचे नाही, निदान तिघांनी मिळून मागणी मांडायची आणि पालकांतले एक जण हजर असायचे, हा नियम केला. त्याने बोलण्यातली धार थोडी कमी होते. ती किंमत मला चालते.

त्या शिक्षकांचा दुसरा मुद्दा होता की पाठांतराच्या भाषणाने निदान भीती मोडते. हे मी पूर्ण मान्य करते. ज्या घरात मुलीने मोठ्याने हसायची चोरी, तिथली मुलगी पाचशे माणसांपुढे पाच मिनिटे उभी राहते, ही लहान गोष्ट नाही. माझीही भीती तशीच मोडली. त्या दिवशी ग्रामसभेत मी उभी राहू शकले ते ढालींमुळेच. उभे राहिल्यावर काय म्हणायचे ते ढालींनी सांगितले नव्हते, एवढीच माझी तक्रार. म्हणून स्पर्धा बंद करा असे मी म्हणत नाही. गुणपत्रिकेत दोन रकाने वाढवा, हे मात्र तीन संयोजकांना लेखी कळवले आहे : भाषण नेमके कोणाला उद्देशून आहे, आणि श्रोत्यांतल्या एकाच्या प्रश्नाला वक्त्याने काय उत्तर दिले. एकाने ‘वेळेअभावी शक्य नाही’ असे उत्तर पाठवले. दोघांचे यायचे आहे.

हा लेख लिहिताना त्या ग्रामसभेचे इतिवृत्त पाहावेसे वाटले. अर्ज केला, शुल्क भरले, आठवड्याने झेरॉक्स मिळाली. माझ्याच दुकानासारख्या दुसऱ्या दुकानातली, जरा फिकी. वाडीला दोन नळ देण्याबाबत, ठराव सर्वानुमते मंजूर. सूचक म्हणून काकूंचे नाव आहे, आडनावात ऱ्हस्व-दीर्घाची चूक आहे. अनुमोदक म्हणून मागच्या बाईंचे. नळ प्रत्यक्षात एकच आला, देवळापाशी, तोही दोन पावसाळे उलटल्यावर. खालच्या आळीचा अजून व्हायचा आहे आणि काकू दर ग्रामसभेला तो ठराव क्रमांकासह विचारतात. माझ्या दहा मिनिटांसाठी मी कागद दोनदा वाचला. ठरावाच्या वर एक ओळ होती : ‘पाणी या विषयावर चर्चा झाली.’